मासळीचा खरा भाव काढायचा कसा, आणि कुठली मासळी घेतली तर समुद्रही टिकेल?

वल्हं (धागाकर्ता)

मासळी महागली यावर सगळ्यांचं एकमत आहे. समुद्रातली मासळी कमी होतेय हेही सगळे ऐकून आहेत. पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलल्या जातात, आणि विकत घेणाऱ्याला वाटतं की समुद्राचा विचार करायचा तर आणखी महाग घ्यावं लागणार. माझं म्हणणं उलट आहे. नीट निवड केली तर बहुतेक वेळा स्वस्त आणि टिकाऊ या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत मिळतात.

आधी महागाईचं मूळ. जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीचं प्रमाण १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास जागेवरच आहे, समुद्र आणि गोडं पाणी मिळून वर्षाला साधारण ९ कोटी टन. खाणारे मात्र वाढले, आणि माणशी खाणंही वाढलं: १९६१ साली वर्षाला ९.१ किलो, २०२२ साली २०.७ किलो. मधली तूट मत्स्यशेतीने भरली. २०२२ साली पहिल्यांदाच पाळलेले जलचर पकडलेल्यांपेक्षा जास्त झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोजणीत १९७४ साली समुद्रातले माशांचे ९० टक्के साठे टिकाऊ पातळीत होते, २०२१ साली ६२.३ टक्के उरले.

साठा विरळ झाला की बोटीला लांब जावं लागतं, जाळं जास्त तास ओढावं लागतं. बऱ्याच ताफ्यांत एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा नुसत्या इंधनाचा असतो. म्हणजे रिकाम्या होत चाललेल्या समुद्राची किंमत आपण भावातून रोज मोजतोच आहोत.

जाणकारांनी लिहावं. वजन, आकार, जाळं, बर्फ, जे नेमकं माहीत असेल ते. "पूर्वी किती स्वस्त होतं" हे नको.

---

हिशेबी

सुरुवात वजनापासून करू, कारण इथेच सर्वांत मोठी चूक होते. किलोचा भाव हा भाव नव्हेच. ताटात किती पडलं त्याचा भाव काढायचा.

अख्ख्या माशातून खाण्याजोगं किती निघतं याचे ढोबळ आकडे असे. गोल अंगाचा मासा पोट आणि डोकं काढून ६० ते ७५ टक्के उरतो, पण बिनकाट्याच्या तुकड्या काढल्या तर ४० ते ५० टक्केच. डोक्यासकट कोळंबी सोलून साधारण निम्मी. माकूल (स्क्विड) ६५ ते ७५ टक्के, म्हणून दिसायला महाग असली तरी बऱ्याचदा ती परवडते. खेकड्यात मांस २० ते ३० टक्के. शिंपल्यांचं मांस कवचासकट वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि कालवांचं त्याहून बरंच कमी.

भागाकार सोपा आहे. अख्ख्या माशाचा भाव १०० धरा आणि उतारा ४५ टक्के. म्हणजे खाण्याजोग्या किलोला २२२ पडले. शेजारी त्याच माशाच्या तयार तुकड्या २०० ला असतील तर त्याच स्वस्त. पण तुम्ही डोकं, कणा आणि पोटाची किनार वापरणार असाल तर उतारा ७० च्या पुढे जातो, खरा भाव १४३ वर येतो आणि अख्खा मासा जिंकतो. थोडक्यात, उत्तर माशावर नाही, तुमच्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहे.

डोकं आणि काटे उकळून पाणी काढायचं तर २० ते ३० मिनिटं बस. त्यापुढे ते कडवट आणि गढूळ होतं. कल्ले आधी काढून टाकायचेच, कडूपणा तिथूनच येतो.

---

निळाई

हिशेब पटला. आता "लहान मासे खा" या सल्ल्याबद्दल. तो अर्धाच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याने नुकसान होतंय.

लहान जातीचा मासा आणि मोठ्या जातीचं पिल्लू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारली, बांगडा, मांदेली या जाती लवकर वयात येतात, भरपूर अंडी घालतात आणि अन्नसाखळीत खाली असतात. त्या घेतलेल्या चांगल्या. पण वीतभर सुरमई स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर ते एकदाही अंडी न घातलेलं पोर आहे. सुरमईची मादी साधारण ७० सेंमीच्या पुढे वयात येते. पिवळ्या परांचा ट्यूना जवळपास एक मीटरचा झाल्यावर. उलट स्किपजॅक हा लहान ट्यूना ४० ते ४५ सेंमीलाच तयार होतो. म्हणून "मोठा दिसतोय" हे माप चालत नाही, जातीगणिक माप वेगळं.

घरी तपासायचं असेल तर पोट फाडल्यावर आतडी लगेच फेकू नका. कण्याच्या खाली दोन्ही बाजूंना बघा. काचेसारखा पारदर्शक, दोऱ्याएवढा बारीक धागा दिसला तर मासा वयात आलेलाच नव्हता. पिवळी-केशरी, दाणे दिसणारी गाभोळी म्हणजे अंडी घालायला तयार. सैल, लालसर, रिकामी पिशवी म्हणजे घालून झालेली. चार-पाच वेळा बघितलं की फरक चटकन कळतो, आणि पुढच्या वेळी कुठल्या मापाच्या खाली घ्यायचं नाही हे स्वतःला ठरवता येतं.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा हवी. मोठी मादी वजनाच्या प्रमाणात नाही, त्याहून कितीतरी जास्त अंडी घालते. अटलांटिक कॉडमध्ये ३० किलोची एक मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते, आणि त्या २८ जणींचं वजन ५६ किलो होतं! त्यामुळे वयात आलेला पण प्रचंड नसलेला, मधल्या मापाचा मासा घेणं सर्वांत चांगलं.

आणि काही जाती सरळ टाळाव्यात. मोरी (शार्क) आणि तिची भावंडं उशिरा वयात येतात, पिल्लं मोजकी देतात. खोल पाण्यातला ऑरेंज रफी शंभर वर्षांच्या वर जगतो आणि वयात यायला वीस-तीस वर्षं घेतो. असा साठा एकदा ओरबाडला की एका माणसाच्या आयुष्यात भरून येत नाही.

---

दर्यादर्शन

निळाई, लहान जातींबद्दल एक सावधगिरी जोडतो. त्या लवकर वाढतात तशा लवकर कोसळतातही. पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या अँचोवी या लहान माशाची पकड १९७० साली १ कोटी २० लाख टनांच्या वर होती. १९७२ च्या एल निनोत पाणी तापलं, वर येणारं थंड, सकस पाणी थांबलं, तरी जाळी थांबली नाहीत. १९७३ साली पकड २० लाख टनांच्या खाली. नंतर साठा सावरला, पण वर्षं गेली. म्हणजे लहान मासा "कितीही घ्या" असा नाही, त्यालाही त्या-त्या वर्षाचं माप लागतं.

फरक एवढाच की यातला मोठा वाटा माणसाच्या ताटात येतच नाही, त्याचं पिठासारखं मासळीकूट आणि तेल होतं. साडेचार किलोच्या आसपास ओल्या माशाचं एक किलो कूट. तोच मासा थेट खाल्ला तर समुद्रातून तेवढंच काढूनही कितीतरी जास्त ताटं भरतात.

---

वल्हं

चांगला मुद्दा. पण मग नेहमीचा प्रश्न: बाजारात मुबलक आवक दिसतेय, म्हणजे साठा ठीक आहे असं समजायचं का?

---

दर्यादर्शन

मुळीच नाही, आणि हे कळायला जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

न्यूफाउंडलंडच्या कॉडचं उदाहरण घ्या. साठा घटत गेला तसा उरलेला मासा पसरून न राहता दाट थव्यांत गोळा होत गेला. बोटींकडे थवा शोधणारी यंत्रं होती. त्यामुळे तासाला मिळणारी मासळी जवळपास तशीच राहिली आणि अंदाज बांधणाऱ्यांना साठा आहे त्यापेक्षा मोठा वाटला. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला मासेमारीच बंद करावी लागली. ३० हजारांवर लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली बंदी २०२४ पर्यंत चालली, आणि तेव्हाही परवानगी जेमतेम १८ हजार टनांची.

थव्याने राहणाऱ्या प्रत्येक जातीला हे लागू आहे. आवक हा साठ्याचा आरसा नव्हे. त्यापेक्षा माप बघा: एकाच जातीचे मासे वर्षागणिक सरासरी लहान येत असतील तर मोठे आधीच संपलेत. ही खूण ढिगाकडे बघूनही कळते.

---

तळटीप

जाळ्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. एकाच जातीचा मासा दोन प्रकारे पकडला तर समुद्राला पडणारी किंमत दहापट वेगळी असू शकते.

घेराजाळ्याने पकडलेल्या तारली-बांगड्यासारख्या थव्याच्या माशाला टनामागे साधारण शंभर लिटरच्या आतबाहेर इंधन लागतं. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलने कोळंबी पकडायला टनामागे हजारो लिटर. शिवाय उष्ण समुद्रात एक किलो कोळंबीबरोबर नको असलेली कित्येक किलो मासळी येते, तिच्यात पिल्लं भरपूर, आणि पुष्कळशी मेलेली परत फेकली जाते. कासवं सुटावीत म्हणून जाळ्यात तिरपी जाळी-चौकट आणि बाहेर पडायचं तोंड बसवतात; गज साधारण १० सेंमीच्या अंतरावर असतात, कोळंबी मधून जाते आणि कासव चौकटीला लागून बाहेर निसटतं. तोंड बांधून टाकलं किंवा गज वाकले की ही चौकट नुसती शोभेची उरते.

ट्यूनामध्ये डब्यावर "गळ-काठीने पकडलेला" असेल तर उत्तम. मासे गोळा व्हावेत म्हणून सोडलेल्या तराफ्याखाली घेराजाळं टाकलं की स्किपजॅकबरोबर मोठ्या ट्यूनांची पिल्लंही येतात.

घेताना तीनच प्रश्न विचारायचे: नेमकी जात कोणती, कुठल्या समुद्रातली, कशाने पकडली. पाकिटावर बऱ्याचदा अन्न व कृषी संघटनेच्या सागरी क्षेत्राचा आकडा असतो. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ५१ पश्चिम हिंदी महासागर, ५७ पूर्व हिंदी महासागर, ७१ पश्चिम-मध्य प्रशांत, ८७ आग्नेय प्रशांत. जात आणि आकडा मिळाला की त्या साठ्याची अवस्था शोधता येते. नुसतं "समुद्री मासा" लिहिलं असेल तर काहीच कळत नाही, ते पाकीट ठेवून द्यावं.

---

हिशेबी

पाकिटावर टिकाऊ मासेमारीचा निळा शिक्का असतो, त्याचं काय? त्याचे पैसे जास्त पडतात.

---

तळटीप

तो मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या १९९७ साली स्थापन झालेल्या संस्थेचा. साठा, आजूबाजूच्या जिवांवरचा परिणाम आणि व्यवस्थापन या तीन अंगांनी तपासणी होते. पाळलेल्या माशांसाठी वेगळी संस्था आणि वेगळा शिक्का आहे, दोन्हींची गल्लत करू नका. तपासणीचा खर्च मासेमारांच्या गटाला करावा लागतो, त्यामुळे छोट्या होड्यांवाल्यांना तो बहुतेक झेपत नाही. शिक्का असणं ही चांगली खूण आहे. नसणं ही वाईट खूण नाही. छोट्या होडीने गळाने पकडलेला, मापात असलेला मासा बिनशिक्क्याचाही निर्धास्त घ्यावा.

---

पाणवठा

मत्स्यशेतीकडे येतो, कारण "पाळलेला म्हणजे समुद्र वाचला" हा समज अर्धवट आहे.

बघायचं ते खाद्य. सामन (सॅल्मन) माशाला एक किलो वाढीला १.२ ते १.३ किलो कोरडं खाद्य लागतं, रोहू-कटला-तिलापियाला दीड ते दोन किलो. आकड्याने सामन हुशार दिसतो, पण त्याच्या खाद्यात मासळीकूट आणि माशाचं तेल लागतं, तर रोहू-कटलासारखे कार्प आणि तिलापिया बव्हंशी पेंड-कोंड्यावर वाढतात. २०२३ साली पेरूने पिल्लांचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून उत्तर-मध्य भागातला अँचोवीचा पहिला हंगाम रद्द केला, आणि जगभर कूट-तेलाचे भाव चढले. तळ्यातल्या माशाचा भाव समुद्रातल्या एल निनोने वाढतो तो असा. वनस्पतीवर वाढणारी जात त्या धक्क्यापासून बरीचशी वाचते.

सर्वांत वरचा नंबर शिंपले, तिसऱ्या आणि कालवांचा. खाद्य शून्य, पाणी गाळून स्वतःचं खाणं मिळवतात. अट एकच, पाणी स्वच्छ हवं, कारण गाळताना घाणही तेच साठवतात.

सर्वांत खालचा नंबर ईलचा. ईलची पैदास अजून व्यापारी प्रमाणावर जमलेली नाही, त्यामुळे "पाळलेला ईल" म्हणजे समुद्रातून आलेलं काचेसारखं पारदर्शक पिल्लू पकडून वाढवलेला. युरोपीय ईल तर अतिसंकटग्रस्त यादीत आहे. निळ्या परांचा ट्यूनाही बराचसा असाच पकडून जाळीत पोसतात, एक किलो वाढीला १० किलोंच्या वर लहान मासे खाऊ घालून.

---

शीतसाखळी

आता गोठवलेल्याबद्दल, कारण पैसे खरे तिथे गळतात.

गोठवलेल्या कोळंबीवर आणि तुकड्यांवर बर्फाचं पातळ आवरण मुद्दाम देतात. त्याने मांस सुकत नाही, ते योग्यच आहे. ५ ते १० टक्के आवरण पुरतं. त्यापुढे तुम्ही पाणी विकत घेताय. तपासणी घरी होते: पाकिटातला माल गोठलेला असतानाच तोला. चाळणीत घेऊन थंड पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा आणि बोटांनी हलवत राहा. बर्फाचा खरखरीत, काचेरी स्पर्श जाऊन खाली मांसाचा किंचित चिकट पृष्ठभाग लागला की लगेच बंद, आत वितळू द्यायचं नाही. चाळणी तिरपी करून २ मिनिटं निथळा, पुन्हा तोला. १००० ग्रॅमचे ७८० भरले तर २२ टक्के बर्फ. पाकिटावरच्या निव्वळ वजनाशी हा आकडा ताडून बघा.

दुसरी गळती दिसत नाही. कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवली की ती पाणी धरून ठेवते. कच्ची असताना फाजील चकचकीत, बुळबुळीत दिसते, तव्यावर पांढरट फेसाळ पाणी सोडते आणि आकार खूपच आकसतो. घटकांमध्ये "ट्रायपॉलिफॉस्फेट" किंवा ई ४५१ लिहिलंय का बघा.

मात्र "गोठवलेला म्हणजे शिळा" हे सोडून द्या. बोटीवरच गोठवून जहाजाने आलेला मासा विमानाने आलेल्या "ताज्या"पेक्षा बऱ्याचदा चांगल्या स्थितीत असतो, आणि प्रदूषण कितीतरी कमी.

---

निळाई

ताज्यात बर्फाचं गणितही सांगा. लोक घरी नेईपर्यंतच निम्मा खराब करतात.

---

शीतसाखळी

मासा शून्य अंशावर जेवढ्या वेगाने खराब होतो, त्याच्या सव्वादोन पट ५ अंशांवर आणि चौपट १० अंशांवर. म्हणजे १० अंशांवर ५ तास ठेवला तर बर्फातला जवळजवळ पूर्ण एक दिवस गेला. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच ३०० ते ३५० ग्रॅम बर्फ वितळतो, बाहेरून येणारी उष्णता वेगळी. म्हणून उष्ण हवेत माशाएवढाच बर्फ, हे जुनं माप बरोबर आहे. बर्फ बारीक फोडलेला हवा, मोठ्या ढेकळांच्या मधल्या हवेत मासा गरमच राहतो. वितळलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे, त्यात मासा बुडून राहिला की रंग आणि चव दोन्ही जातात.

ओळखताना डोळ्यांपेक्षा कल्ल्यावर भर द्या. झाकण उचलून आत बघा: झालर लाल, एकेक तंतू सुटा, वर पारदर्शक ओलावा असेल तर ताजा. विटकरी-तपकिरी, तंतू एकमेकांना चिकटलेले आणि मळकट चिकट थर असेल तर ठेवून द्या. पाणी मारून अंग चमकवता येतं, कल्ला नाही.

बांगडा, तारली, ट्यूना यांच्यात आणखी एक धोका आहे. ऊब मिळाली की जिवाणू मांसात हिस्टामिन हे बाधणारं रसायन तयार करतात. ते शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही, आणि वासावरून नेहमी कळतंच असं नाही. जिभेला मिरपूड लागल्यासारखं चुरचुरलं तर तो घास थुंका आणि मासा टाकून द्या. स्वस्त जात घ्यायची तर थंडी सांभाळण्यात काटकसर नको, हे इथे पक्कं लक्षात ठेवावं.

---

हिशेबी

शेवटचं विचारतो. भाव उतरलेला असताना जास्त घेऊन घरी गोठवले तर? पाणी सुटून मऊ पडतात.

---

शीतसाखळी

सावकाश गोठल्याने ते होतं. उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात मासा रेंगाळला की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात, आणि वितळताना तेच पाणी बाहेर येतं.

त्याच दिवशी साफ करा, पोटातलं काळं अस्तर आणि कण्यालगतचं रक्त खरवडून काढा, धुऊन पूर्ण टिपून घ्या. २ ते अडीच सेंमी जाडीचे सपाट थर करून पिशव्या भरा, हवा दाबून काढा. फ्रीजरच्या थंड धातूला टेकवून, एकमेकींवर न रचता ठेवा, एका वेळी थोड्याच. कडक झाल्यावर बाहेर काढून बर्फगार पाण्यात क्षणभर बुडवा आणि परत गोठवा. हे आवरण हवा रोखतं. उणे १८ अंशांवर बांगड्यासारखा तेलकट मासा २ ते ३ महिने, कमी चरबीचा ६ महिने. तेलकट मासा बिघडतो तो चरबी खवट होऊन, म्हणून त्याची मुदत कमी. पिशवीवर जात आणि तारीख लिहा.

वितळवताना आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात, जाळीवर ठेवून, खाली ताटली. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात. पातळ तुकड्या न वितळवता थेट रश्शात सोडल्या तरी चालतात, फक्त शिजायला थोडा जास्त वेळ द्या.